शून्य पूर्णांक वीस हेक्टर गोडी

आमच्या शेजारच्या भोजराज चेटुलेची साखर एकशे दहावर आली, ही बातमी मला माझ्या बायकोनं सांगितली आणि सांगताना ती हसत होती. माझी स्वतःची साखर त्याच सकाळी एकशे शहाऐंशी निघाली होती. तो कागद माझ्या हातात होता. तिनं तो पाहिलासुद्धा नाही.

“आयकता का जी,” चंदा म्हणाली, “एकशे दहा! चार महिन्यात! त्या मीठ्या तुळशीच्या पानानं. साखरेचा एक दाना नाही खाल्ला भोजराजभाऊनं.”

“मग मी काय पोत्यानं खाऊन राहिलो?”

“मी कुठं म्हटलं तसं?” ती म्हणाली. पण म्हणण्याचा सूर असा होता, की पोतं कुठं लपवलं आहे तेवढंच तिला माहीत नव्हतं.

बाहेरच्या माणसासाठी सांगतो. मीठी तुळस म्हणजे स्टेव्हिया. दिसायला अगदीच सामान्य. कुंपणाशी उगवलं असतं तर मी उपटून फेकलं असतं. पण पान चावलं की तोंड साखरेहून गोड होतं आणि अंगी काही लागत नाही. भोजराज जिल्हा परिषदेच्या शाळेतून मास्तर म्हणून रिटायर झालेला. त्यानं नागपूरहून एक रोप आणलं, त्याच्या फांद्या टोचून टोचून वीस कुंड्या केल्या, आणि एवढ्या भांडवलावर तो सगळ्या गल्लीचा आदर्श पुरुष होऊन बसला.

डिसेंबरात हायवेच्या पुलाखाली आरोग्य शिबिर भरलं होतं. तिथं आम्ही दोघं एकाच दिवशी सापडलो. तेव्हा त्याची साखर एकशे नव्वद होती आणि माझी एकशे बहात्तर. म्हणजे मी पुढे होतो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

आमच्या डॉक्टरांचं म्हणणं असं, की भोजराजची साखर उतरली ती वेळेवर गोळ्या घेऊन आणि रोज सकाळी पाच किलोमीटर चालून. पानांनी फक्त चहातली साखर सुटली. हे मी मोठ्या उत्साहानं चंदाला सांगितलं. ती म्हणाली, “मग तुम्हीबी चाला ना.” त्या दिवसापासून डॉक्टरांचं म्हणणं मी कोणालाच सांगत नाही.

खरं दुखणं साखरेचं नव्हतंच. खरं दुखणं चार वाजताचं होतं. रोज चार वाजता भोजराज स्वतःच्या हातानं चहा करायचा. त्याची बायको गिरजाबाई खुर्चीवर बसलेली, आणि गल्लीतल्या चार बाया ओट्यावर. त्यातली एक माझी. चंदा साडेचारला परत यायची आणि पदरानं ओठ टिपत म्हणायची, “मस्त करते हो भोजराजभाऊ चाय.” आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. या काळात मी घर बांधलं, मुलगी शिकवली, पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक पदापर्यंत पोचलो. ‘मस्त’ हा शब्द या घरात माझ्यासाठी एकदाही वापरला गेल्याची नोंद नाही.

भोजराजनं मला रोप देऊ केलं नाही असं नाही. भिंतीवरून कुंडीच पुढे केली होती. “वीरूभाऊ, घेऊन जा ना. पानी टाकलं का झालं.”

“ठेवा तुमच्याकडं,” मी म्हणालो. “आमचं वेगळं चालू आहे.”

काहीच चालू नव्हतं. पण एकदा बोलून बसल्यावर काहीतरी चालू करणं भाग होतं. तेव्हा नैसर्गिक, कमी उष्मांकाची आणि भोजराजच्या घरची नसलेली गोडी निवडणे, हे कार्य मी हाती घेतलं.

सल्ल्याला आमच्या लाखनी गावात तोटा नाही. किराणावाला परसराम म्हणाला, “गूळ खा जी. गुळानं शुगर वाढतच नाही. काळा घ्या फक्त.” मी पंधरा दिवस काळा गूळ खाल्ला. मग कोणीतरी म्हणालं, मध. जंगलातला असला म्हणजे झालं. मी जंगलातला मध आणवला. पुढच्या तपासणीनंतर डॉक्टरांनी माझ्या फाईलवर लाल पेनानं लिहिलं, ‘गूळ म्हणजे साखर. मध म्हणजे साखर.’ आणि खाली दोन रेघा मारल्या. मी स्वतः आयुष्यभर लोकांच्या फायलींवर लाल पेनानं लिहीत आलो. आपल्यावर लिहिलेलं कसं लागतं ते मला त्या दिवशी कळलं.

मग आमच्या मुलीनं, गुड्डीनं, पुण्याहून एक पाकीट पाठवलं. त्यावर एका हिरव्या गोल फळाचं चित्र होतं. चंदानं नाव वाचलं आणि म्हणाली, “मंकी फ्रूट? माकडाचं फळ?”

“मंकी नाही, मंक. मंक म्हणजे साधू.”

“मग साधूचं फळ तुम्हाले कायले पायजे?”

मी पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचत होतो. ती माझी जुनी सवय. तिथं कळलं की साधूचं फळ शंभरात एक भाग, आणि बाकीचे नव्याण्णव भाग एरिथ्रिटॉल नावाचा कुणी गृहस्थ. तरी म्हटलं, भोजराजकडं हे नाही. चहात टाकलं. जीभ पेपरमिंट चघळल्यासारखी गार पडली. गरम चहा पिताना तोंडात थंडी वाजण्याचा अनुभव मी पहिल्यांदाच घेतला. शिवाय गोडी जरा कमी वाटली, म्हणून दुसऱ्या दिवशी चंदाला शिऱ्यात ते दुप्पट टाकायला लावलं आणि मी दोन वाट्या शिरा खाल्ला.

त्याच संध्याकाळी वाचनालयात ज्येष्ठ नागरिकांपुढे भोजराजचं भाषण होतं. विषय, ‘साखरेविना गोड जगणे’. मी जाणार नव्हतो. पण न जाणं म्हणजे जळणं, असा लोकांनी अर्थ काढला असता, म्हणून मी पहिल्या रांगेत जाऊन बसलो. भोजराज उभा राहिला. पांढरा सदरा, वर पेन. “मित्रहो,” तो म्हणाला, आणि माझ्या पोटातून असा आवाज आला की जणू पुलावरून वाळूचा ट्रक गेला. तो थांबला.

“काही म्हणता का वीरूभाऊ?”

“नाही, चालू द्या.”

त्यानं चालू केलं. मीही चालूच होतो. तिसऱ्या वाक्याला पुन्हा ट्रक, आणि यावेळी मागे ट्रेलर जोडलेला. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. पाचव्या वाक्याला मी उठलो आणि कोणाकडंही न बघता, जमेल तेवढ्या घाईनं बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी सगळ्या लाखनीत एकच चर्चा, की गिऱ्हेपुंजेले, म्हणजे मला, भोजराज मास्तरची तारीफ सहन झाली नाही, भाषण सोडून पळाला. ते खरं होतं. पण त्या वेळचं कारण ते नव्हतं, आणि खरं कारण सांगून आब वाढणार नव्हता.

चंदानं पाकीट फेकून दिलं. मी ठरवलं, आता स्टेव्हियाच. पण आपली, आणि भोजराजपेक्षा जास्त. वीस कुंड्यांचा कारभार तो! आपण सरकारी मार्गानं जाऊ.

तालुक्याच्या कृषी कार्यालयात धनंजय नावाचे तरुण साहेब होते, आंधळगावचे. मी म्हणालो, “स्टेव्हियाची दहा-बारा रोपं पाहिजेत.”

“अशी फुटकळ नाही भेटत, काका. औषधी वनस्पती योजनेत नोंदणी करा लागते. सातबारा आहे का?”

सातबारा होता. अड्याळला वडिलांची धानाची जमीन आहे. माझा चुलतभाऊ ईश्वर ती करतो. ऑनलाइन अर्ज उघडला. पहिल्याच पानावर नाव जुळेना. आधारवर ‘गिर्हेपुंजे’, सातबाऱ्यावर ‘गिरेपुंजे’, बँकेत ‘गिरहे पुंजे’, जणू दोन भाऊ. मी एकच माणूस आहे असं मला शंभराच्या मुद्रांकावर लिहून द्यावं लागलं. मग ओटीपी. तो पुण्याला गुड्डीच्या मोबाईलवर जायचा, आणि ती मीटिंगमध्ये असायची. तीन दिवसांनी लागवडीचं क्षेत्र भरायची वेळ आली. मी भरलं, ‘बारा कुंड्या’. संगणक म्हणाला, अंक टाका. मी ‘०.००’ टाकलं. तो म्हणाला, किमान क्षेत्र ०.२० हेक्टर, म्हणजे वीस आर.

इथं मी थांबायला हवं होतं. नोकरीत मी लोकांचे असे किती अर्ज परत पाठवले असतील त्याची गणती नाही. पण भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला. चार वाजले होते. त्या हसण्यात चंदाचं हसणं मला वेगळं ओळखू आलं. मी ‘०.२०’ टाकलं आणि बटण दाबलं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गल्लीच्या तोंडाशी एक टेम्पो येऊन उभा राहिला. त्यात ट्रेच्या थप्प्या. चालकानं कागद पुढे केला. ‘स्टेव्हिया रोपे, पहिला हप्ता, नग दोन हजार.’

“दोन हजार?” चंदा म्हणाली. “चाय प्याले?”

टेम्पोमागे गल्ली तुंबली. लोक जमले. आणि ट्रे उतरवायला सगळ्यात आधी कोण पुढे आला असेल? भोजराज. बनियनवर, गुडघे दुखत असताना. “वा वीरूभाऊ! तुम्ही तं कमालच केली! मी वीस कुंड्या लावून स्वतःले शहाणा समजून राहिलो होतो.” असं म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर थोडं तरी जळण दिसावं म्हणून मी फार बारकाईनं पाहिलं. घामच दिसला.

शंभर रोपं गच्चीवर ठेवून घेतली, बाकीची अड्याळला नेली. ईश्वर बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, गुडघाभर चिखलात उभा. तिकडं रोवणे ऐन भरात, म्हणजे धानाची लावणी. त्या आठवड्यात माणूस बाजारातसुद्धा जात नाही.

“दादा,” तो म्हणाला, “रोवणे सोडून हे तुळस कोन लावंन? आनी धानाच्या बांधीत तं पानी राहते.”

“कडेकडेनं लाव. सरकारी आहे.”

सरकारी म्हटल्यावर तो घाबरला आणि त्यानं कडेकडेनं लावली. आठ दिवस पाऊस खळला नाही. नवव्या दिवशी त्याचा फोन आला, “दादा, अर्धी सडली.” बाराव्या दिवशी, “उरलेली बकऱ्याईनं खाल्ली. पन एक सांगू का, दूध थोडं गोड लागून राहिलं.” मी फोन ठेवून दिला.

गच्चीवरच्या शंभरांचं मी जिवापाड केलं. कूलरचा टब, जुन्या बादल्या, रंगाचे डबे, कशात म्हणून लावायचं ठेवलं नाही. सल्लागार आलेच. एकानं सांगितलं राख टाका, दुसऱ्यानं ताक, तिसऱ्यानं युरिया. कोणाचा अपमान नको म्हणून मी तिन्ही गोष्टी टाकल्या. त्यातून वाचली ती ऑगस्टात माकडांच्या टोळीनं पाहिली. माकडं शांतपणे, रांगेनं, पंगतीला बसल्यासारखी बसली आणि पानं संपवून गेली. त्यांच्या साखरेचं काय झालं ते कळायला मार्ग नाही. माझ्याकडं पाच काड्या उरल्या. त्यातल्या एकीवरची चार पानं मी एकदाची चहात टाकली, आणि जास्त उकळल्यामुळे की काय, तो चहा कारल्याच्या रसासारखा कडू झाला. चंदासमोर मी तो शेवटपर्यंत प्यायलो आणि “छान” म्हणालो. साडेचारला ती भोजराजकडून ओठ टिपत आली.

सप्टेंबरात एका दुपारी धनंजयसाहेबांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

“काका, परवा दहा वाजता तुमच्या प्लॉटवर शिवारभेट ठेवली. जिल्ह्याचे मोठे साहेब येऊन राहिले. चाळीस शेतकरी, बस करून. अख्ख्या तालुक्यात स्टेव्हियाचे शेतकरी तुम्ही एकटेच आहात ना!”

अर्जाच्या तळाशी एक वाक्य असतं, ‘वरील माहिती खोटी आढळल्यास मी कायदेशीर कारवाईस पात्र राहीन.’ ते वाक्य मी लोकांना एकतीस वर्षं मोठ्यानं वाचून दाखवत आलो होतो. त्याखाली आता माझी सही होती, तिन्ही नावांसकट. निवृत्त सरकारी नोकर, खोटं क्षेत्र. पेपरात कसं छापून येईल तेही मला दिसायला लागलं. नाव तिथंही चुकलेलंच.

“शेतात पाणी आहे हो,” मी कसाबसा म्हणालो. “बस जाणार नाही. तुम्ही गच्चीवर या. गच्चीवर... प्रायोगिक आहे.”

“वा! गच्चीवरबी आहे? मग तं मस्तच!”

आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी ‘मस्त’ म्हटलं, ते असं.

चंदा दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिनं एकच विचारलं, “जाता का भोजराजभाऊकडं, का मी जाऊ?”

“कोणी जायचं नाही.”

“पाच काड्या दाखवसान का चाळीस लोकाईले?” ती जवळ येऊन बसली. आता ती हसत नव्हती. “आयका. पेन्शनवर आलं त मी काय करू? अन् तुमची बदनामी झाली त मले बरं वाटंन का?”

हे तिनं इतक्या हळू म्हटलं की मला भांडताच येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. जाताना मनात वाक्यं जुळवली होती. ‘परिस्थितीच्या रेट्यामुळे तात्पुरत्या स्वरूपात आपल्याकडील काही कुंड्या उपलब्ध झाल्यास’ अशी सुरुवात होती. भोजराज अंगणात कुंड्यांना पाणी घालत होता. झुडपं कमरेला लागत होती, गच्च हिरवी.

“भोजराजभाऊ,” मी म्हणालो, आणि वाक्य विसरलो. “माझी सगळी मेली.”

“माहीत आहे ना,” तो म्हणाला. “माकडं माझ्या छपरावरूनच तं गेले तुमच्याकडं.”

“उद्या मोठे साहेब येऊन राहिले. चाळीस शेतकरी. मी कागदावर वीस आर लिहून बसलो.”

तो हसेल, म्हणून मी खाली बघत थांबलो. त्यानं झारी खाली ठेवली आणि आत आवाज दिला. “अवो, आयकता का! दोरी द्या ती जाडी. कुंड्या वर चढवाच्या आहेत वीरूभाऊच्या.” मग माझ्याकडं वळून, “सगळ्या वीस घेऊन जाऊ. कमी दिसल्या तं बरं दिसत नाही.”

दुपारपर्यंत तो माझ्या जिन्यानं कुंड्या वाहत होता. मी म्हटलं, गुडघे दुखतील. तो म्हणाला, “दुखतेतच, तसेबी.” गच्चीवर त्यानं त्या दोन ओळींत अशा मांडल्या की वीसच्या चाळीस वाटाव्यात. मग मला शिकवायला बसला. पाणी एक दिवसाआड, फुलं आली की खुडायची, पानं सावलीत वाळवायची. मी मान डोलावली आणि मनातल्या धास्तीमुळे सगळं विसरलो.

दुसऱ्या दिवशी दहाला बस आली. धनंजयसाहेब, मोठे साहेब आणि चाळीस जण जिन्यावरून वर आले. भोजराज सगळ्यात मागे, टाकीला टेकून, डोक्याला दुपट्टा बांधून शेतकऱ्यात शेतकरी होऊन उभा. मी ‘मान्यवर’ म्हणून सुरुवात केली. ती बरी झाली. मग पवनी भागातल्या आनंदाबाई नावाच्या एक शेतकरी बाई पुढे आल्या.

“याले पानी किती लागते जी?”

मी साहेबांकडं पाहिलं, आकाशाकडं पाहिलं. तेवढ्यात टाकीजवळून आवाज आला, “सर, तुम्ही त्या दिवशी मले सांगून राहिले होते ना, का एक दिवसाआड द्याचं, मुळाशी पानी थांबू द्याचं नाही, ते सांगा ना यायले.”

“तेच सांगतो आहे,” मी म्हणालो. “एक दिवसाआड. मुळाशी थांबू द्यायचं नाही.”

आनंदाबाईंनी पुन्हा विचारलं, “चायमंधी टाकलं तं कडू होत नाही का?”

“सर,” टाकीजवळून, “दोनच पानं, अन् गॅस बंद केल्यावर टाकाची, असं तुम्ही म्हटलं होतं ना?”

“बरोबर,” मी म्हणालो. “दोनच. गॅस बंद केल्यावर.” आणि इतक्या दिवसांत माझा चहा कडू का झाला ते मला भर सभेत, स्वतःच्याच तोंडून कळलं.

शेवटी मोठ्या साहेबांनी वही काढली. “आणि अड्याळचा वीस आरचा प्लॉट?”

भोजराज काहीतरी बोलायला पुढे झाला. पण याचं उत्तर त्याच्याकडं नव्हतं. मी म्हणालो, “साहेब, तिथं काही नाही. लावली होती. पाण्यानं सडली, उरलेली बकऱ्यांनी खाल्ली. मला बारा रोपं पाहिजे होती, अर्जात बसेना म्हणून वीस आर लिहिलं.”

धनंजयसाहेब बुटांकडं बघत होते. मोठ्या साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मग वहीत लिहिताना मोठ्यानं उच्चारलं, “अतिवृष्टी... व वन्य... नाही, पाळीव प्राण्यांमुळे नुकसान. पुढील हप्ता देऊ नये.” आणि वही मिटली. कागदावर ते इतकं नीट दिसलं, की ते माझ्याकडून घडलं यावर माझाच विश्वास बसेना.

मग त्यांनी मला शाल घातली, नारळ दिला आणि शेतकऱ्यांना म्हणाले, “एकेक पान चाखून बघा सगळ्यांनी.” चाळीस माणसं कुंड्यांवर वाकली. एकेक पान चाखलं, दोन घरी दाखवायला घेतली, चार शेजाऱ्यांसाठी. आनंदाबाईंनी तर पदराचा ओचा केला. सगळ्यात मोठ्यानं टाळ्या भोजराज वाजवत होता, आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या वीस कुंड्यांच्या वीस जुड्या काड्या झाल्या.

बस गेली. चंदा म्हणाली, “आता तुम्हीच नेऊन द्या. अन् नीट बोला.”

मी पहिली कुंडी उचलली, शाल खांद्यावरच, काढायचं भान नव्हतं, आणि शेजारी गेलो. भोजराज आधीच घरी पोचला होता. अंगणात पाठमोरा उभा राहून गावाकडच्या भावाशी फोनवर बोलत होता.

“अरे, आमच्या वीरूभाऊले शाल भेटली ना! मोठ्या साहेबाच्या हातून!... मंच कायचा, गच्चीवर!... अन् बोलले कसे माहीत आहे? साहेबानं विचारलं तं खरं सांगून टाकलं चाळीस लोकाईसमोर. माझी तं छातीच फुगली बाप्पा... पानं? नेली लोकाईनं. फुटते ना पुन्हा, त्याले काय होते.”

मी कुंडी छातीशी धरून तिथंच उभा राहिलो. समजा ही शाल त्याच्या खांद्यावर असती, आणि लुटलेली झाडं माझी असती, तर मी कोणाला असा फोन केला असता? मी प्रामाणिकपणे प्रयत्न करून पाहिला. शालीचं कापड हलकं आहे, एवढंच सुचलं. त्याच्या साखरेचा, पानांचा, चहाचा, भाषणाचा मला इतके महिने हेवा वाटला. पण त्या पाठमोऱ्या माणसाचा मला त्या क्षणी वाटला तेवढा हेवा कशाचाच वाटला नव्हता. आणि ही गोष्ट नागपूरच्या नर्सरीत मिळत नाही, ऑनलाइन अर्ज भरूनही मिळत नाही.

त्यानं वळून मला पाहिलं. “अरे, या ना! कुंडी ठेवा तठी. बसा. चाय घेता?”

“घेतो,” मी म्हणालो.

तो आत गेला आणि दारातून डोकं बाहेर काढून म्हणाला, “पान तं एकबी नाही उरलं, वीरूभाऊ. फिकी चालंन का?”

“चालंन.”

आम्ही दोघं ओट्यावर बसून फिका चहा प्यायलो. समोर काड्यांची कुंडी, माझ्या खांद्यावर शाल. आणि आता खोटं कशाला सांगू, तो फिका चहासुद्धा त्याला माझ्यापेक्षा चांगला जमतो.